कुत्र्या-मांजरांचं रक्त: कुणाचं, कुणाला, किती आणि किती वेगाने

रक्त चढवल्याने कुठलाही आजार बरा होत नाही. गोचीडतापाचे जंतू त्याने मरत नाहीत, फाटलेली प्लीहा शिवली जात नाही, उंदराच्या औषधाचं विष उतरत नाही. रक्त फक्त वेळ मिळवून देतं: औषधाला लागू पडायला, सर्जनला टाके घालायला, अस्थिमज्जेला नव्या पेशी बनवायला. अंगातलं रक्त अचानक कमी झालं तर नव्या तांबड्या पेशी रक्तात ठळकपणे दिसू लागायला तीन ते पाच दिवस जातात. तेवढे दिवस जनावर तगवणं हेच चढवलेल्या रक्ताचं काम. म्हणून मूळ आजाराचं निदान बाजूला ठेवून नुसती पिशवीवर पिशवी लावणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं.

आकडा आणि जनावर, दोन्ही बघायचं

अंगात रक्त किती आहे हे पशुवैद्य बहुधा पीसीव्ही या आकड्यात सांगतात. बारीक काचेच्या नळीत रक्त घेऊन ती जोरात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, राहतो. नळीतल्या रक्ताचा किती टक्के भाग पेशींनी व्यापला, तो पीसीव्ही. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५, मांजरात ३० ते ४५. वरच्या द्रवाचा रंगही बोलका असतो. तो गडद पिवळा किंवा लालसर दिसला, तर रक्त बाहेर वाहून गेलेलं नसून पेशी अंगातच फुटताहेत असा संशय घ्यायचा.

ढोबळमानाने कुत्र्यात २० आणि मांजरात १५ टक्क्यांखाली आकडा गेला की रक्त देण्याचा विचार सुरू होतो. पण नुसत्या आकड्यावर गेलं तर फसगत होते. किडनीच्या जुन्या दुखण्यातलं मांजर पीसीव्ही १५ पर्यंत उतरूनही अंग चाटत निवांत बसलेलं असतं, कारण महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेल्या रक्ताशी त्याच्या शरीराने जुळवून घेतलेलं असतं. उलट गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा पीसीव्ही ४० दिसतो आणि कुत्रं मात्र मरणाच्या दारात असतं. ताज्या रक्तस्रावात पेशी आणि द्रव एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे सुरुवातीला टक्केवारी बदलत नाही. शिवाय कुत्र्याची प्लीहा आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते आणि आकडा आणखी वर जातो. अशा वेळी त्याच नळीतल्या द्रवातली प्रथिनं मोजली तर ती आधी घसरलेली सापडतात.

म्हणून आकड्याबरोबर जनावर बघायचं. हिरड्या पांढऱ्याफटक, नाडी वेगवान, आडवं पडूनही धाप, पंजे गार, उभं केलं की कोसळतंय, अशी लक्षणं असली तर वाट बघण्यात अर्थ नाही. मांजराच्या बाबतीत एक खोच आहे: शॉकमध्ये गेलेल्या मांजराचं हृदय वेगाने धडधडण्याऐवजी मंदही होतं.

कुत्रा: पहिल्या वेळी माफी, दुसऱ्या वेळी नाही

कुत्र्यांचे रक्तगट डीईए या नावाने (तांबड्या पेशींवरचे प्रतिजन, म्हणजे गटाच्या खुणा) आणि आकड्यांनी ओळखले जातात. त्यातला व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा डीईए १. पेशींवर तो असला तर कुत्रा पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. निगेटिव्ह कुत्र्याच्या रक्तात डीईए १ विरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, जन्मतः नसतात. म्हणूनच आयुष्यात पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या कुत्र्याला, जीव जायची वेळ आली असेल तर, गट न तपासताही रक्त देता येतं आणि ते बहुतेकदा निभावतं.

पण ती मोकळीक एकदाच. निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त गेलं की त्याचं शरीर प्रतिपिंडं बनवायला लागतं आणि चौथ्या दिवसापासून ती तयार असू शकतात. पुढच्या वेळी तेच रक्त चढवलं तर काही मिनिटांत पेशी फुटू लागतात. पहिल्याच वेळी निगेटिव्हला निगेटिव्ह देण्याचं खरं कारण हे: आजचा नाही, पुढच्या वर्षीचा जीव वाचवायचा असतो. पॉझिटिव्ह कुत्र्याला दोन्ही चालतात, पण त्याला पॉझिटिव्हच द्यावं. निगेटिव्ह पिशवी ज्याला दुसरं काही चालत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेली बरी.

डीईए १ जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं मात्र नाही. २००७ मध्ये डाल नावाचा एक प्रतिजन उजेडात आला. तो बहुतेक कुत्र्यांत असतो, पण काही डाल्मेशियन, डॉबरमन आणि शित्झू कुत्र्यांत नसतो. अशा कुत्र्याला एकदा रक्त दिलेलं असेल तर दुसऱ्या वेळी जुळणारा दाता शोधताना नाकी नऊ येतात.

मांजर: पहिल्यांदाही चूक परवडत नाही

मांजरांत ए, बी आणि एबी असे गट असतात. नावं माणसांच्या गटांसारखी असली तरी त्यांचा माणसांच्या गटांशी काही संबंध नाही. ओ गट नाही, त्यामुळे सर्वांना चालणारा दाताही नाही. आणि इथे प्रतिपिंडं निसर्गतःच असतात. पिल्लू काही महिन्यांचं झालं की ती आपोआप तयार होतात, आधी रक्त घेतलेलं असो वा नसो.

बी गटाच्या मांजरात ए विरुद्धची प्रतिपिंडं फार जोरकस असतात. त्याला ए गटाचं रक्त एखादा मिलिलिटर गेलं तरी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते: ताणून पडणं, श्वास थांबणं, रक्तदाब कोसळणं. उलट दिशेने, म्हणजे ए मांजराला बी रक्त दिलं, तर डोळ्यांसमोर नाट्य कमी घडतं, पण दिलेल्या पेशी दोन-चार दिवसांत संपतात आणि पीसीव्ही पुन्हा जागच्या जागी येतो. एबी गट दुर्मीळ. या मांजरांत दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं नसतात. एबी रक्त मिळालं नाही तर त्यांना ए गटाच्या, शक्यतो प्लाझ्मा काढलेल्या पेशी देतात.

म्हणून ‘थोडं देऊन बघू, काही झालं तर थांबवू’ हा प्रकार मांजरात करायचाच नाही. गट तपासायची पट्टी किंवा कार्ड काही मिनिटांत उत्तर देतं आणि त्याला रक्ताचे काही थेंब पुरतात. जातीवरून अंदाज बांधणंही धोक्याचं. सयामी मांजरं जवळपास सगळी ए असतात हे खरं, पण ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, टर्किश अंगोरा या जातींत बी गट बराच सापडतो, आणि घरगुती मिश्र मांजरांतही तो असतोच.

याच प्रतिपिंडांचा आणखी एक फटका प्रजननात बसतो. बी गटाची मांजरी, ए गटाचा बोका आणि ए गटाची पिल्लं अशी जोडी जमली, तर पहिल्या दिवशीच्या चिकाच्या दुधातून आईची प्रतिपिंडं पिल्लांच्या रक्तात शिरतात. जन्मतः धडधाकट पिल्लं दूध ओढेनाशी होतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, काही दिवसांत दगावतात. जगलेल्या एखाद्या पिल्लाचं शेपटीचं टोक काळं पडून गळतं. पिल्लं पहिला दिवसभर या आईपासून वेगळी ठेवून दुसरं दूध पाजलं तर हे टळतं, कारण त्यानंतर आतडी प्रतिपिंडं आत घेत नाहीत.

एबी पद्धतीच्या बाहेरही प्रतिजन आहेत. मिक हा त्यातला एक. त्यामुळे गट जुळूनही पहिल्याच वेळी रक्त न जुळण्याची शक्यता मांजरात उरते.

मांजराचं रक्त कुठेच मिळत नसेल तर कुत्र्याचं रक्त मांजराला देतात, हे ऐकून दचकायला होतं, पण अगदी शेवटचा उपाय म्हणून ते केलं जातं. मांजरात कुत्र्याच्या पेशींविरुद्ध आधीपासून तीव्र प्रतिपिंडं सहसा नसतात, म्हणून पहिली खेप बहुधा सोसते. दिलेल्या पेशी आठवड्याभरात नष्ट होतात. तेवढ्यात मांजराचं रक्त मिळवायचं. चार-सहा दिवसांनी पुन्हा कुत्र्याचं रक्त दिलं तर मांजर दगावतं, त्यामुळे हा उपाय आयुष्यात एकदाच वापरायचा आणि तो वापरल्याचं फाइलवर ठळक लिहायचं.

क्रॉसमॅच म्हणजे नेमकं काय

गटाची तपासणी पेशीवर काय आहे ते सांगते. समोरच्याच्या रक्तात त्याविरुद्ध काही आहे का, हे क्रॉसमॅच सांगतं. दात्याच्या पेशी सलाईनमध्ये तीनदा धुतात आणि सलाईनमध्येच ३ ते ५ टक्क्यांचं पातळ मिश्रण करतात. त्याचा एक थेंब, रुग्णाच्या प्लाझ्माचे दोन थेंब, १५ मिनिटं ३७ अंशांवर, मग थोडा वेळ फिरवून नळी हलक्या हाताने तिरकी करायची. पेशी धुरासारख्या सुट्या उठल्या तर जुळलं. गुठळी होऊन उठल्या किंवा वरचा द्रव लाल झाला तर नाही. हे मेजर क्रॉसमॅच. दात्याचा प्लाझ्मा आणि रुग्णाच्या पेशी घेऊन केलेलं ते मायनर.

शेजारी एक तिसरी नळी हवीच: रुग्णाच्याच पेशी, रुग्णाचाच प्लाझ्मा. तीच गुठळली तर बाकीच्या नळ्यांचा अर्थ लावता येत नाही. शरीर स्वतःच्याच पेशी मारणाऱ्या आजारात हे नेहमी घडतं, आणि तेव्हा गटाचं कार्डही खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. दिसणारी प्रत्येक गुठळीही खरी नसते. पेशी नुसत्या एकावर एक रचल्या गेल्या असतील तर सलाईनचे काही थेंब टाकल्यावर सुट्या होतात. खरी गुठळी सुटत नाही.

मागचं रक्त देऊन चार दिवस उलटले असतील तर क्रॉसमॅच आवश्यक. पूर्वी रक्त घेतल्याची माहितीच नसेल, उदाहरणार्थ दत्तक घेतलेल्या कुत्र्याच्या बाबतीत, तर घेतलं असावं असं धरून चालायचं.

दाता कोण आणि रक्त कसं काढतात

कुत्रा १ ते ८ वर्षांचा, २५ किलोच्या वरचा (चरबीमुळे नव्हे), पीसीव्ही ४० किंवा जास्त, लसीकरण पूर्ण, स्वभावाने शांत आणि स्वतः कधीही रक्त न घेतलेला. मांजर त्याच वयाचं, साडेचार किलोच्या वर, पीसीव्ही ३५ च्या आसपास किंवा जास्त, आणि घरातच राहणारं. कुत्र्यात बॅबेसिया, एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, हृदयकृमी अशा रक्तातून जाणाऱ्या रोगांची तपासणी करतात. मांजरात फेलाइन ल्युकेमिया, एफआयव्ही आणि हिमोप्लाझ्मा. मांजराचं हृदयही तपासलेलं बरं, कारण हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बाहेरून अजिबात न दिसता असू शकतो आणि अशा मांजराचं रक्त काढणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

२५ किलोची अट कुठून आली ते गणितात दिसतं. कुत्र्याच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं आणि एका वेळी किलोमागे २० मिलीपेक्षा जास्त काढत नाहीत. प्रमाण पिशवी ४५० मिलीची. २५ किलोच्या कुत्र्यात ते किलोमागे १८ मिली होतं. लहान कुत्र्याकडून अर्धीच पिशवी भरून घेता येत नाही, कारण पिशवीत रक्त गोठू न देणारं ६३ मिली द्रावण आधीच असतं आणि ते ४५० मिली रक्तासाठी मोजलेलं असतं. रक्त ४०५ मिलीच्या खाली राहिलं तर द्रावणातलं सायट्रेट (गोठू न देणारा घटक) जास्त होतं, ४९५ च्या वर गेलं तर कमी पडून बारीक गाठी धरतात.

कुत्र्याला बहुधा गुंगी द्यावी लागत नाही. मानेवरचे केस काढतात, बधिर करणारं मलम अर्धा-पाऊण तास आधी लावतात, जागा नीट निर्जंतुक करतात आणि मानेच्या शिरेत १६ गेजची सुई घालतात. पिशवी कुत्र्याच्या पातळीखाली, वजनकाट्यावर. रिकाम्या पिशवीसह काटा शून्यावर आणलेला असतो. एक मिली रक्ताचं वजन साधारण १.०५ ग्रॅम, म्हणजे काटा ४७५ ग्रॅमला आला की थांबायचं. कुणीतरी एक जण पिशवी सतत अलगद हलवत राहतो. सगळं दहा मिनिटांच्या आत व्हायला हवं. धार मंदावली तर बहुधा सुईचं तोंड शिरेच्या भिंतीला टेकलेलं असतं. सुई किंचित फिरवली की सुटते. संपल्यावर पाच मिनिटं जागा दाबून धरायची. त्या दिवशी गळ्यात पट्टा नको, हार्नेस वापरावा. पाणी भरपूर, धावपळ दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद.

मांजराचं प्रकरण नाजूक. पाच किलोच्या मांजरात जेमतेम ३०० मिली रक्त, त्यातलं ५० च्या आसपास घ्यायचं. मांजर इतका वेळ मान ताणून स्थिर राहत नाही, म्हणून गुंगी देतात. रक्तदाब पाडणारी औषधं टाळतात, आणि रक्त काढून झाल्यावर शिरेतून सलाईन देतात. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये आधी ७ मिली सायट्रेटचं द्रावण, मग ५३ मिली रक्त. ही पद्धत बंदिस्त नसल्याने जंतू शिरण्याची शक्यता असते. ते रक्त लगेच द्यावं, किंवा फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावं.

दोन दानांमध्ये किमान दोन महिने जाऊ देणं दोघांनाही मानवतं.

पिशवीतलं सगळंच सगळ्यांना नको

किडनीच्या मांजराला पेशी हव्यात, प्लाझ्माचं जादा पाणी त्याला जड जातं. उंदराचं औषध खाल्लेल्या कुत्र्याला गोठण्याचे घटक हवेत. ते विष के जीवनसत्त्वाचं चक्र बंद पाडतं, आणि साठा संपून रक्तस्राव दिसायला काही दिवस लागतात. के-१ जीवनसत्त्व देणं हा मूळ उपचार, पण त्यातून नवे घटक तयार व्हायला काही तास जातात. मधला काळ किलोमागे १० ते २० मिली प्लाझ्मा सांभाळतो. पिशवीतल्या पेशी आणि प्लाझ्मा वेगळे केले तर एका कुत्र्याच्या दानातून दोन रुग्णांची सोय होते. तांबड्या पेशी १ ते ६ अंशांवर, द्रावणानुसार पाच-सहा आठवडे टिकतात. प्लाझ्मा आठ तासांच्या आत उणे १८ किंवा त्याहून थंड गोठवला तर वर्षभर ताज्यासारखा चालतो. प्लेटलेट मात्र फ्रिजमध्ये बिघडतात.

किती आणि किती वेगाने

किती मिली रक्त द्यायचं याचं सूत्र: किलोतलं वजन गुणिले ९०, गुणिले पीसीव्हीत हवी असलेली वाढ, भागिले दात्याचा पीसीव्ही. २० किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही १२ वरून २२ ला न्यायचा आणि दात्याचा ४५ असेल, तर २० × ९० × १० ÷ ४५ = ४०० मिली. मांजरासाठी ९० च्या जागी ६०. पडताळायची सोपी रीत: किलोमागे २ मिली पूर्ण रक्ताने पीसीव्ही साधारण १ ने वाढतो. नुसत्या पेशी असतील तर एक ते दीड मिली पुरतात. आकडा ४५ ला नेण्याची गरज नसते. धोक्याबाहेर आला की बस्स.

पहिली १५ ते ३० मिनिटं किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे या कुत्र्याला तासाला १० मिली. काही बिघडणार असेल तर ते थोडक्या रक्तात कळावं म्हणून हा संथपणा. ठीक चाललं तर तासाला किलोमागे ५ ते १० मिली. हृदयाचा आजार असेल तर २ ते ४. बाहेर काढलेली पिशवी चार तासांत संपवायची, कारण खोलीच्या तापमानात जंतू वाढतात. रक्त कोसळून चाललेल्या अपघाती रुग्णाला मात्र हे वेळापत्रक लागू नाही, तिथे जमेल तितक्या वेगाने देतात.

नळीला गाळणी हवीच. त्याच नळीतून फक्त ०.९ टक्के सलाईन चालतं. रिंगर लॅक्टेटमधलं कॅल्शियम सायट्रेटला निष्प्रभ करून रक्त गोठवतं, पाच टक्के डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात. मायक्रोवेव्ह किंवा कढत पाण्यात पिशवी गरम करणं म्हणजे पेशी शिजवणं.

काय बिघडतं

सुरू करण्यापूर्वी तापमान, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग लिहून ठेवतात. मग पहिला तासभर दर १५ मिनिटांनी, नंतर दर अर्ध्या तासाने. ताप एका अंशाने चढला आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुधा पांढऱ्या पेशींमुळे आलेला साधा ताप असतो. वेग कमी करून लक्ष ठेवतात. तोंड सुजणं, अंगावर गांध्या, खाज ही ॲलर्जी, आणि ती प्लाझ्माने जास्त येते. थरथर, ओठ-कान फडफडणं हे रक्तातलं कॅल्शियम सायट्रेटने बांधलं गेल्याचं लक्षण. धाप वाढून खोकला आला तर द्रव जास्त झाला का ते बघायचं. मांजरात आणि हृदयरोग्यांत ही भीती खरी असते.

लाल लघवी, उलटी, अस्वस्थता आणि ताप एकत्र आले तर पेशी फुटताहेत. पिशवी ताबडतोब बंद, नळी बदलून सलाईन सुरू, आणि रुग्णाचं रक्त फिरवून वरचा द्रव लाल आहे का ते बघायचं. पिशवी फेकून द्यायची नाही. लेबल, गट आणि रक्ताचा रंग तपासायचा असतो. रक्त काळपट-तपकिरी झालेलं दिसलं तर त्यात जंतू वाढलेत, पण हे खरं तर चढवण्याआधीच बघायला हवं.

रक्त संपल्यावर एक-दोन तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी पीसीव्ही तपासतात. घरी नेल्यावर पुढचे दोन आठवडे हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग रोज उजेडात बघा. पिवळेपणा, गडद लघवी किंवा पुन्हा आलेला थकवा दिसला तर उशिरा सुरू झालेली प्रतिक्रिया असू शकते. डिस्चार्जच्या कागदावर रक्तगट, तारीख, पूर्ण रक्त की पेशी की प्लाझ्मा, किती मिली आणि काही प्रतिक्रिया आली का, हे पाच तपशील मागून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असतील तर क्रॉसमॅच करायचं की नाही हे त्यांना त्यावरूनच ठरवावं लागेल.